कुंडीशी दोन हात

महाराष्ट्रातल्या कुंडीला पिढ्यान्‌पिढ्या एकच गणवेश होता. अंगभर गेरू आणि काठाला चुन्याचा पांढरा पट्टा. तहसील कचेरी, रेल्वे स्टेशन, जिल्हा परिषदेची शाळा, डाकबंगला, कुठेही जा, कुंडी तीच. आतलं झाड बदलायचं. कुठे क्रोटन, कुठे पाम, कुठे नुसतीच माती आणि तीत खोचलेली विड्यांची थोटकं. पण बाहेरून शिस्त. साहेबांची तपासणी किंवा मंत्र्यांचा दौरा असल्याची बातमी वर्तमानपत्राआधी कुंड्यांना कळायची. आदल्या दिवशी दुपारी शिपाई बादली आणि कुंचला घेऊन ओळीने सगळ्यांना गेरू फासत जायचा. घाई असली तर कुंडीबरोबर खालची दोन पानंही रंगायची, आणि फारच घाई असली तर कुंडीची फक्त मंत्र्यांच्या बाजूची अर्धी.

गेरू ही काही रंगशास्त्रातली मोठी भानगड नाही. लोहाच्या ऑक्साइडने लाल झालेली माती. पुडीत मिळते, पाण्यात कालवायची आणि फासायची. कार्तिकात तुळशी वृंदावनाला तीच, दिवाळीत अंगणात रांगोळीखाली तीच. एका बाबतीत मात्र गेरू बेइमान. पहिल्या पावसात निघून जातो आणि जाताना एकटा जात नाही. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतला गेरू एका जूनमध्ये दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या लेंग्यापर्यंत पोचला. लेंग्याचे मालक भांडायला वर गेले नाहीत. ते तोच लेंगा घालून सोसायटीच्या वार्षिक सभेला आले आणि पहिल्या रांगेत बसले. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात कुंड्या आल्या, आणि त्या संध्याकाळपासून आमच्याकडे गेरूला बंदी होऊन वॉटरप्रूफ रंगांचं पर्व सुरू झालं.

तसं पाहिलं तर कुंडीसारखी गरीब वस्तू नाही. पुण्यात कुंभारवेशीजवळ आठ इंची मातीची कुंडी आजही शंभराच्या आत मिळते. घेताना ती उचलून बोटाच्या पेराने वाजवून बघायची असते. खणखणीत वाजली तर भाजणी पक्की, बद्द वाजली तर कच्ची, किंवा कुठेतरी तडा. कच्च्या भाजणीच्या कुंडीचा काठ एकदोन पावसाळ्यांत भुग्यासारखा सुटायला लागतो. हे ज्ञान फार थोड्यांना असतं, पण वाजवतात सगळे. आधीच्या गिऱ्हाईकाने वाजवली म्हणून पुढचा वाजवतो, आणि ऐकल्यावर असा चेहरा करतो की विकणाऱ्याने आपण होऊन पाच रुपये कमी करावेत.

इथपर्यंत सगळं स्वस्तात असतं. महागाई सुरू होते ती घरी आल्यावर, "एवढीशी रंगवली तर किती छान दिसेल!" या वाक्यापासून.

आमच्या इमारतीतले एक काका बँकेतून निवृत्त झालेत. हिशेब ठेवल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. त्यांनी कुंडी रंगवण्याची वही घातली आहे आणि तीत 'मूळ वस्तू' आणि 'सुशोभीकरण' अशी दोन सदरं आहेत. पहिल्या सदरात ऐंशी रुपये. दुसऱ्यात पॉलिश पेपर तीन नंबरांचे, प्रायमर, दोन इंची ब्रश, काठासाठी बारीक ब्रश, रंगाची सर्वांत लहान डबी (जी एका कुंडीला पाचपट पुरते, म्हणून आणखी चार कुंड्या), टर्पेंटाइन, वॉर्निश आणि फरशीवर अंथरायला जुनं वर्तमानपत्र. या शेवटच्या नोंदीसमोरही रद्दीच्या भावाने साडेतीन रुपये लावलेले आहेत. कुंडी सहाशे चाळीसला पडली. "तयार चिनी मातीची सातशेला होती," काका म्हणाले, "निव्वळ साठ रुपये बचत." त्यांच्या तीन दुपारी कुठल्याच सदरात नव्हत्या, कारण पेन्शनरची दुपार ही घसारा पूर्ण झालेली मालमत्ता असते असं त्यांचं मत आहे.

ज्यांना हा खर्च नको असतो ते माळ्यावर चढतात. मराठी मध्यमवर्गीय घरातल्या माळ्यावर अर्धवट संपलेले रंगाचे डबे असतातच. घर रंगवून झाल्यावर "टचिंगला लागेल" म्हणून ठेवलेले. टचिंग कधी होत नाही. दहा वर्षांनी स्क्रू ड्रायव्हरने झाकण उचकटलं की वर जाड साय धरलेली असते आणि खाली एखाद्या बेडरूमचा पिस्ता रंग अजून ओला असतो. आमच्या समोरच्या कुटुंबाच्या गॅलरीत त्यांच्या गेल्या पंचवीस वर्षांतल्या सगळ्या भिंती कुंड्यांवर नांदत आहेत. थोरलीच्या लग्नाच्या वेळचा श्रीखंडी हॉल, मुलगा बारावीला असताना एकाग्रतेसाठी म्हणून दिलेला फिकट आकाशी, आणि एक डाळिंबी, जो सासूबाईंनी पाहताच परत पुसायला लावला होता. हे डबे बाहेरून वापरायला ठीक, पण कोथिंबीर-पुदिन्याच्या कुंडीत आतून लावण्याचा उत्साह आवरावा. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत 90 च्या वर नसावं हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. माळ्यावरचे डबे त्याआधीपासून वर बसलेले असतात, त्यांना कोणी कळवलेलं नसतं.

आता खरी मेख. मातीची कुंडी सच्छिद्र असते. आतलं पाणी तिच्या अंगातून हळूहळू बाहेर झिरपतं, वाळतं, आणि वाळताना गारवा देतं. माठाचं सगळं शास्त्र ते हेच. मुळांना हवा मिळते, जास्त झालेलं पाणी वाट काढतं. आपण बाहेरून चकचकीत ऑइल पेंटचे दोन हात मारतो आणि त्या पाण्याच्या तोंडावर दार लावून घेतो. पाणी काही दारातून परत जाणारं नव्हे. ते आतून रेटत राहतं, बरोबर मातीतले आणि नळाच्या पाण्यातले क्षार घेऊन येतं. आधी रंगाला बारीक फुगे येतात, मग फुगे फुटतात, मग पोपडे. पोपड्याखाली पांढरा खार. जिथे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं, तिथे हे काम जास्त उत्साहाने होतं. दिवाळीला मोरपंखी असलेली कुंडी होळीपर्यंत देवीचे व्रण आल्यासारखी दिसू लागते आणि घरातली माणसं रंगाच्या कंपनीला शिव्या देतात.

यावर शहाणे लोक सांगतात ती पद्धत अशी. कुंडी आधी घासून धुवावी. चारदोन दिवस कडक उन्हात वाळवावी, अगदी खडखडीत. पॉलिश पेपर फिरवावा. आतून पाणी अडवणारा सीलर लावावा, तळाचं भोक न बुजवता. बाहेरून प्रायमर. तो वाळला की रंगाचा पहिला हात, तो वाळला की दुसरा. वर वॉर्निश. मग काही दिवस तशीच ठेवून मगच माती भरावी. पद्धत बिनचूक आहे, खोट काढायला जागा नाही. फक्त एवढं सगळं यथासांग केलं की मातीच्या कुंडीची प्लास्टिकची कुंडी होते. आतबाहेर बंद, हवा नाही, झिरपणं नाही. झाडाला पूर्वीइतकंच पाणी घातलं तर मुळं कुजतात. प्लास्टिकची कुंडी पहिल्यापासूनच दुकानात शेजारच्या फळीवर चाळीस रुपयांना होती.

मग प्लास्टिकचीच घ्यावी म्हणाल, तर तिथे नाटक उलटं. मातीचा रंग आतल्या पाण्याने सुटतो, प्लास्टिकवर तो मुळात बसतच नाही. याचा सर्वोच्च नमुना म्हणजे गच्चीवरच्या वीस लिटरच्या बादल्या. घराला रंग दिला की रिकाम्या बादल्या उरतात आणि त्यांच्या तळाला तापलेल्या सळईने भोकं पाडली की कढीपत्त्याची, लिंबाची कायमची सोय होते. बादलीवर मात्र रंगाच्या कंपनीचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत असतं. आपल्या गच्चीत फुकट जाहिरात कशाला, म्हणून माणूस त्या बादलीला रंग द्यायला घेतो, आणि बहुधा तीच बादली रिकामी करून उरलेला रंग. या बादल्या असतात पॉलिप्रॉपिलीनच्या, ज्याला सहसा काहीच चिकटत नाही. रंग बादलीला चिकटला असता तर तो बादलीतच राहिला नसता का? पॉलिश पेपरने खरवडून, वेगळा प्लास्टिक प्रायमर लावून हे जमतं म्हणे. आमच्या गच्चीत तरी एका उन्हाळ्यात सगळा हिरवा रंग सालीसारखा सोलून निघाला आणि आतून कंपनीचं नाव, सात वर्षांची हमी, पूर्ण तेजाने बाहेर आलं.

जुने लोक या भानगडीत नव्हते. चाळीतल्या गॅलरीत तुळस असायची डालड्याच्या डब्यात. डालडा 1937 मध्ये बाजारात आला आणि त्याचं तूप शुद्ध की अशुद्ध यावर वाद चालू असतानाच डब्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होऊन गेलं. पिवळ्या डब्यावर हिरवं ताडाचं झाड छापलेलंच असल्यामुळे निम्मी बाग डबा घरात येतानाच व्हायची. पत्रा गंजतो, म्हणून हौशी माणूस त्याला खिडकीच्या गजांना आणलेल्या रेड ऑक्साइडचा एक हात मारायचा. तरी गंजायचा. मग दुसरा डबा. तोपर्यंत तूप संपलेलं असायचंच.

सिमेंटच्या कुंडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण ती एकदा ठेवली की कोणी हलवत नाही. एवढंच, की ती ओतल्यावर तीनचार आठवडे तरी रंगाच्या वाटेला जाऊ नये. ताज्या सिमेंटमध्ये चुन्याचा दाहक अंश असतो आणि त्यावर ऑइल पेंट मारला तर रंगातल्या तेलाचा साबण होतो. अलंकारिक नव्हे, रसायनशास्त्रातला खराखुरा साबण. रंग चिकट राहतो, महिनाभर वाळत नाही, आणि आजूबाजूची धूळ, केस, एखादी मुंगी कायमची नक्षीत येते.

गेरूबंदीनंतर आमच्या महिला मंडळाने वारली चित्रांची कार्यशाळा ठेवली. वारली कला डहाणू, तलासरी, जव्हारकडची. मूळची ती भिंतीवरची, लग्नघरात सवाष्णींनी काढायच्या चौकाची. सारवलेल्या भिंतीवर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बांबूच्या काडीने रेघा. जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि जगभरच्या प्रदर्शनांत नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुंडीवर ती कोणी आणली याची जबाबदारी मात्र कोणी घेत नाही.

कार्यशाळेत पहिला पेच पार्श्वभूमीचा. वारलीला विटकरी रंग हवा, आणि गेरू तर सभेत ठराव करून बंद. म्हणून वॉटरप्रूफ 'टेराकोटा' शेडचा ॲक्रिलिक मागवला गेला, आणि सतरा घरांनी मातीच्या रंगाच्या कुंडीवर मातीच्या रंगाचे दोन हात दिले. रंग देण्याआधीची आणि नंतरची कुंडी शेजारी ठेवली तर ओळखू येत नव्हती. "फिनिश आलाय," असं सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

दुसरा पेच जास्त खोल होता. वारलीतलं सगळ्यांना येणारं चित्र म्हणजे तारपा नृत्य. मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती हातात हात गुंफून नाचणाऱ्यांची वळत गेलेली साखळी. भिंतीला मध्य असतो. कुंडीला तो नसतो. तारपावाला समोर काढला की नाचणारे त्याच्याकडे पाठ करून कुंडीमागे निघून जातात, आणि तो बिचारा कोणासाठी वाजवतोय ते कळत नाही. शिवाय साखळी कुंडीभोवती फिरून पुन्हा पहिल्या माणसापाशी येते तेव्हा तिथे दीड माणसाची जागा उरलेली असते. ही दीड माणसाची जागा हा भारतीय कुंडीकलेतला मध्यवर्ती प्रश्न आहे. चौथ्या मजल्यावरच्या ताईंनी तिथे एक लहान मूल घुसवलं. पहिल्या मजल्यावर शेवटचे तिघे उपासमार झाल्यासारखे बारीक झाले. एका कुंडीवर दोन नर्तकांच्या मध्ये कोंबडी आहे, दोघांनीही तिचा एकेक पंख धरलेला. माझ्या मते सगळ्या सोसायटीत तेवढं एकच चित्र बघण्यासारखं आहे, पण ते काढणाऱ्या आजींना बक्षीस मिळालं नाही, कारण परीक्षकांनी नर्तक मोजले.

यानंतर आमच्याकडे स्पेन आलं. एक दांपत्य सहलीला गेलं होतं, त्यांनी कॉर्डोबाचे फोटो आणले. तिथे मे महिन्यात घरांचे आतले चौक सजवून लोकांना खुले करतात. त्याची स्पर्धा 1921 पासून आहे आणि 2012 मध्ये युनेस्कोनेही त्या उत्सवाला वारशाच्या यादीत घेतलं. चुन्याने पांढऱ्याशुभ्र केलेल्या भिंती, त्यांवर जमिनीपासून छपरापर्यंत टांगलेल्या निळ्या कुंड्या आणि त्यांत लालभडक जिरेनियम. वरच्या कुंड्यांना पाणी घालायला ते लोक लांब काठीच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधतात. हा भाग ऐकून आमच्या काकांना स्पेनबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. महिनाभरात सहा गॅलऱ्यांत कुंड्या निळ्या झाल्या. आमच्या भिंती मात्र पांढऱ्या नाहीत. बिल्डरने त्यांना जो रंग दिला आहे त्याला फक्त 'बिल्डरचा' म्हणता येईल, आणि त्यावर गडद निळा रंग रुग्णालयाच्या पाटीसारखा दिसतो. जिरेनियमला पुण्याचा एप्रिल सोसला नाही. गडद रंग ऊन पितो, पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी निळ्या कुंडीला हात लावला तर चटका बसे, आणि आतली उन्हाकडची मुळं भाजून निघत. त्या दांपत्याचं म्हणणं, कॉर्डोबातही उन्हाळा कडक असतो. असतो. पण तिथली घरं चौकाभोवती सावली धरून बांधलेली असतात, आणि आमची पार्किंगच्या जागेभोवती.

त्यातून एक बरं झालं. त्या सहापैकी एका घरात जिरेनियम मेल्यावर रिकाम्या निळ्या कुंडीत झेंडू लावला गेला, आणि अख्ख्या इमारतीत पहिल्यांदाच एक कुंडी खरोखर देखणी दिसली. केशरी फूल विटकरी कुंडीत हरवतं, निळ्यावर उठून दिसतं, हे चित्रकलेच्या तासाला शिकवलेलं असतं, पण तेव्हा आपण गणिताचा गृहपाठ करत असतो. पांढरी सदाफुली मोरपंखी कुंडीत छान दिसते. कोलियससारखं पान, ज्याच्या एकाच पानावर चार रंग, त्याला साधी पांढरी किंवा राखाडी कुंडीच द्यावी. आमच्याकडे कोलियसच्या कुंडीवर राजस्थानी नक्षी आहे आणि ती बघायला थोडं लांबून, डोळे बारीक करून यावं लागतं. ऑफिस टाइमची गुलाबी फुलं लिंबू रंगाच्या कुंडीत लावायची टूम निघाली होती, पण ती फुलं ऊन आल्यावर उघडतात, आणि उत्तरेकडच्या गॅलरीत ऑफिस टाइम कचेरीला जातच नाही.

कुंडी झाडासाठी असते हा समज याच सुमारास मागे पडला. पूर्वी माणूस नर्सरीत जाऊन जास्वंद आणायचा आणि मग घरात मोकळं काय आहे ते शोधायचा. आता उरुळी कांचनच्या बाजूला सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत लोक मोबाइलवर कुंडीचा फोटो दाखवतात आणि विचारतात, "दादा, याला मॅचिंग काही आहे का?" माळी बिचारा ऊन किती येतं, पाणी कोण घालतं, असले जुन्या वळणाचे प्रश्न विचारतो. त्याच माळ्याकडून एक युक्ती कळली होती. गेरूत थोडा फेविकॉल कालवला की तो हाताला लागत नाही, पावसातही बराच टिकतो, आणि पातळच दिला तर कुंडीचा श्वासही फारसा कोंडत नाही. लेंग्याचा प्रश्न यात सुटला असता. ही युक्ती तो सगळ्यांना फुकट सांगतो. फुकट असल्यामुळे ती घरापर्यंत कोणी नेत नाही. मी सभेत मांडली होती, इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं आहे.

रंगवलेल्या कुंडीचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे. ती चोरीला जात नाही. 2023 मध्ये गुरुग्रामला जी-20 परिषदेसाठी रस्त्याकडेला ठेवलेल्या कुंड्या भरदिवसा एका महागड्या मोटारीतून आलेल्या माणसांनी उचलून डिकीत भरल्या, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या कुंड्या साध्या होत्या आणि त्यांत फुललेली झाडं होती. आमच्या फाटकाबाहेर मंडळाची तारपा नृत्याची कुंडी रात्रंदिवस उभी आहे. तिच्याकडे मोटार सोडा, सायकलवालाही थांबून बघत नाही.

सर्वांत सुंदर कुंडी पाचव्या मजल्यावरच्या वहिनींची. त्यांनी कुठलीही पायरी चुकवली नाही. खडखडीत वाळवली, आतून सील केली, अबोली रंगाचे दोन हात, काठाला सोनेरी वेलबुट्टी, वर वॉर्निशचे तीन हात. खरोखर नजर ठरत नाही. तीत माती भरायची म्हटल्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मातीने आतून डाग पडतील, पाण्याने तळ खराब होईल, आणि गॅलरीत ठेवली तर उन्हाने अबोली उडेल. शेवटी कुंडी हॉलमध्ये दाराशी आली आणि पाऊस सुरू झाल्यावर तीत छत्र्या ठेवायला लागले. परवा गेलो होतो तेव्हा माझी ओली काळी छत्री मी सवयीने तीत टाकायला गेलो, तर वहिनींनी हात पुढे करून ती घेतली आणि बाहेर जिन्यात नेऊन टांगली.

"अहो, तीत फक्त कोरड्या ठेवतो आम्ही," त्या म्हणाल्या. "आणि शक्यतो गुलाबी."